तो हा नव्हे!

आमच्या घरात सध्या एका शब्दावर बंदी आहे. शिवीवर नव्हे. शिव्यांवर आमच्याकडे दादांच्या वेळेपासून बंदी आहे आणि ती मोडण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. ही नवी बंदी आहे 'भास' या शब्दावर. 'भास होतोय तुला' असं जो कोणी म्हणेल, त्याने फडताळातल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पाच रुपये टाकायचे. पाहुण्यांनाही सूट नाही. परवा माझे साडू दोन तासांत पंधरा रुपये टाकून गेले आणि जाताना 'या घरात चहा महाग पडतो' असं म्हणाले.

हा कायदा मीच केला. केला म्हणजे करावा लागला. त्यामागे आठ महिन्यांचा इतिहास आहे, आईचं मोडलेलं मनगट आहे आणि माझी नाचक्की आहे. ही तिन्ही चारचौघांत मांडायची इच्छा नव्हती. पण गेल्या काही दिवसांत मी पाहतो आहे, की जे आमच्या घरात झालं तेच घरोघर चाललेलं आहे, आणि लोक ते हसत-हसत चालू देत आहेत. तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही. वाचकहो, हा लेख भांडणाचा आहे. ज्यांना शांतपणे दुपारची झोप घ्यायची असेल त्यांनी पुढचं पान उलटावं. मात्र झोपण्यापूर्वी डोक्यावरच्या तुळईकडे एकदा बघून घ्यावं.

आधी गावाबद्दल. आमचं नवापूर आवाजाच्या बाबतीत संपन्न आहे. सुरत-भुसावळ लोहमार्ग गावाला लागून, सुरत-धुळे महामार्ग गावातून. पूर्वी त्याला सहा नंबरचा म्हणत, आता कागदोपत्री त्रेपन्न नंबर झाला. ट्रकवाल्यांच्या हॉर्नला हा बदल कळलेला नाही. तूरडाळीच्या गिरण्यांची घरघर आहे, पावसाळ्यात रंगावली नदीची गाज आहे. आणि स्टेशनचं तर काय सांगावं! १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली तेव्हा सीमारेषा नेमकी आमच्या स्टेशनातून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि एक बाक असा की त्याच्या एका टोकाला बसलेला नवरा एका राज्यात आणि दुसऱ्या टोकाला बसलेली बायको दुसऱ्या. घोषणा होतात त्या हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत. गाडी चुकल्याचं दुःख माणसाला चार भाषांत समजावून सांगणारं दुसरं स्टेशन मी तरी पाहिलेलं नाही.

पण आवाजाची खरी किंमत या गावाला शांततेने शिकवली. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आमच्याकडे. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा 'राणीखेत असेल, दरवर्षीचंच आहे' असंच पुष्कळांना वाटलं. १८ फेब्रुवारीला खरं नाव जाहीर झालं आणि मग लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्यानंतर पोल्ट्र्यांच्या बाजूने येणारा तो रोजचा कलकलाट बंद पडला. ज्या आवाजाला आम्ही वर्षानुवर्षं नावं ठेवली, तो नाहीसा झाल्यावर गाव रात्री दचकून जागं होत असे. २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. तेव्हा आवाज येणं ही एक बातमी असते आणि न येणं हीही. बातमी वाचायची सोडून वर्तमानपत्र गुंडाळून कानात घालायची आपली सवय मात्र जात नाही.

आता मूळ प्रकरण.

आईचं वय चौऱ्याऐंशी. ती झोपते मागच्या जुन्या खोलीत. घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागचा दादांनी बांधलेला : सागवानी खांब, तुळया, वर माळा आणि त्यावर मंगलोरी कौलं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "रात्री कुणीतरी नखानं लाकडावर वाजवतं रे. टक् टक् टक्. मग थांबतं. मग परत टक् टक्."

मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालो, "भास होतोय तुला."

हे मी का म्हणालो? मी रात्रभर त्या खोलीत पहारा केला होता म्हणून? नाही. तिच्या कानांची मला शंका होती म्हणून? तेही नाही, शेजारच्या घरात आम्ही तिच्याबद्दल काय बोललो हे तिला आपल्या घरात बसून ऐकू येतं. मी म्हणालो, कारण तसं म्हटलं की उठावं लागत नाही. 'भास' या शब्दाचा हाच खरा उपयोग आहे. तो निदानासाठी नसतोच, बसल्या जागेवरून न उठण्यासाठी असतो. तिजोरीत रक्कम कमी आली तर 'भास असेल' असं म्हणायची मुभा बँकेत मला पस्तीस वर्षांत एकदाही मिळाली नाही. घरी ती मी स्वतःच घेतली.

घरात अनोळखी आवाज आला की माणसांचे चार पक्ष पडतात, असं माझं निरीक्षण आहे. पहिला पक्ष भासवाद्यांचा. त्याचा अध्यक्ष कोण हे सांगायला नको. दुसरा सवयवाद्यांचा : "होईल सवय, जुनं घर आहे, चालायचंच." तिसरा अगम्यवाद्यांचा. या पक्षाला आवाजाचं मूळ फार लवकर सापडतं; ते नेहमी ईशान्य कोपऱ्यात किंवा स्वर्गात असतं. आमच्या एका नात्यातल्या मावशींनी आल्या-आल्या निकाल दिला, की दादांचं काहीतरी राहून गेलं आहे आणि ते आठवण देत आहेत. चौथा पक्ष आवाजावर आवाज टाकणाऱ्यांचा. आमचे चिरंजीव त्यात आहेत. त्यांनी बाहेरचं काही ऐकूच येऊ न देणारे इअरफोन घेतले आहेत. घराला आग लागली तर त्यांना ती प्रथम नाकाने कळेल.

चारही पक्षांचा जाहीरनामा एकच, तो म्हणजे आवाजाचा शोध घ्यायचा नाही.

आणि गंमत अशी, की हे आपण मराठी लोक करतो! आवाजाच्या शब्दांची आपल्याइतकी चैन फार थोड्या लोकांना परवडत असेल. दार करकरतं, नवी चप्पल कुरकुरते, पंखा घरघरतो, भांडं खणकन वाजतं, रिकामा डबा ठणठणतो, पान सळसळतं, खिडकी खडखडते, पाल चुकचुकते. 'खट्ट' आणि 'खुट्ट' यांतला फरक आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतो. खट्ट झालं तर कडी, खुट्ट झालं तर उंदीर. म्हणजे निम्मं निदान आपल्या पूर्वजांनी शब्दांतच करून ठेवलेलं आहे. आणि आपण मेस्तरीला बोलावून काय सांगतो? "जरा कसलातरी आवाज येतो बघा." डॉक्टरकडे जाऊन 'कुठंतरी काहीतरी होतंय' म्हणण्यापैकीच हे.

आईने मात्र शब्द नेमका दिला होता. टक् टक् टक्, नखाने, लाकडावर. वर आणखी एक गोष्ट सांगितली होती : "मालगाडी गेली की मागून सुरू होतं." साक्षीदाराने शब्द दिला, जागा दिली, वेळ दिली. यापेक्षा जास्त पुरावा पोलिसांनाही मिळत नाही. आम्ही ऐकला नाही.

दोन महिन्यांनी, केवळ तिची समजूत घालायची म्हणून, मी शोधाला लागलो. प्रथम पंखा पकडला. छताच्या हुकाला जिथे पंख्याची दांडी लटकते तिथला रबरी बुश झिजून गेला होता आणि पंखा फिरताना लोखंडावर लोखंड टकटकत होतं. बुश बदलला, पिन नीट वाकवली, पात्यांचे स्क्रू आवळले. विजयी मुद्रेने आईला विचारलं. ती रात्री ऐकून सकाळी म्हणाली, "तो हा नव्हे."

मग नळाची पाळी आली. मोटार बंद केली की भिंतीत धाडकन आवाज होई. वर चढणारं पाणी एकदम थांबतं, मागे येतं आणि उलट वाहू न देणारी झडप आपटून मिटते. तो दणका सगळ्या पाइपातून फिरतो. पाइप भिंतीला पकडून ठेवणाऱ्या पट्ट्या निघाल्या असल्या तर तो भिंतीवर डोकंही आपटून घेतो. पट्ट्या बसवल्या, खाली रबर दिलं, झडप बदलली. "तो हा नव्हे," आई म्हणाली. "तो धाडकन होता. माझा टक् टक् आहे."

नंतर पत्रे. मागच्या पडवीवरचे पत्रे दिवसा तापतात, रात्री निवतात. तीन मीटरचा लोखंडी पत्रा पंचवीस अंशांनी निवला तर जेमतेम एक मिलिमीटर आखडतो. पण तो एक मिलिमीटर त्याला सुखाने आखडू दिला नाही तर हुकाशी अडून बसतो आणि मग एकदम 'टण्' करून सुटतो. हूक सारखे केले, वॉशर बदलले. "तो हा नव्हे."

चौथा आवाज तर चक्क दादांच्या फोटोमागून येत होता. चुक् चुक् चुक्! मावशींनी डोळ्याला पदर लावला. मी फोटो काढला तर मागे एक लठ्ठ पाल. पाली आपली हद्द सांगण्यासाठी असा आवाज करतात; आमच्या गावात हद्दीचा प्रश्न सर्वांनाच असतो. मी पाल हाकलली, फोटो पुसून परत लावला. आई म्हणाली, "पालीचा आवाज मला चौऱ्याऐंशी वर्षं ठाऊक आहे. तो हा नव्हे."

आता इथे कोणी म्हणेल, की एवढे आवाज शोधून काय मिळालं? आईचा तर सापडला नाही! त्याला माझं उत्तर असं : पंख्याचा बुश आणखी वर्षभर तसाच राहिला असता तर पंखा आमच्या ताटात आला असता. एका आवाजाचा पाठलाग करताना मला वाटेत चार खऱ्या तक्रारी सापडल्या. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला पेन्झियस आणि विल्सन या दोघा शास्त्रज्ञांना आपल्या मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनात एक बारीक सूं सूं ऐकू येऊ लागली. रात्रंदिवस, कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी तीच. त्यांनी काय केलं? जोड तपासले, तारा तपासल्या, अँटेनात घरटं केलेली कबुतरं पकडून लांब नेऊन सोडली, आणि त्यांची घाण आपल्या हातांनी साफ केली. तरी सूं सूं कायम. त्यांच्या घरी आमच्यासारखं कोणी असतं तर म्हणालं असतं, 'भास असेल, यंत्र जुनं आहे, चालायचंच.' पण ते दोघे चिवट. शेवटी कळलं, की तो आवाज विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या उष्णतेचा आहे. १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मला नोबेल नको, पण कबुतरं हाकलण्यापर्यंत तरी आपण जायला काय हरकत आहे?

मी मात्र पालीपर्यंत जाऊन थांबलो. मी थकलो आणि पक्षात परत गेलो. एवढंच नव्हे, तर पक्षाने आता कृती कार्यक्रम हाती घेतला. आईला डॉक्टरांकडे नेलं. 'कानात आवाज येतो म्हणते' असं मीच सांगितलं. वास्तविक ती 'खोलीत' म्हणत होती. 'कानात' हा शब्द माझा. कानात आवाज येण्याचा विकार खरा असतो, त्रासदायकही असतो. पण तो मालगाडीची वाट पाहून सुरू होत नाही. शिवाय वयाबरोबर माणसाचे प्रथम बारीक, उंच पट्टीचे सूर ऐकू यायचे कमी होतात. जे ऐकू येतच नाहीत त्यांची तक्रार म्हातारी माणसं करीत नाहीत. त्यांना ऐकू आलं असं ती म्हणतात तेव्हा बहुधा ते आलेलंच असतं. पण ही अक्कल मला नंतरची. त्या वेळी झोपेची अर्धी गोळी लिहून मिळाली आणि आम्ही सगळे खूश झालो.

म्हणजे पाहा : आवाजाचा बंदोबस्त करायचा सोडून आम्ही ऐकणाऱ्याचा बंदोबस्त केला.

गोळीने आई झोपू लागली. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री ती अर्धवट गुंगीत न्हाणीघराकडे जायला उठली, उंबऱ्याला अडखळली आणि उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. पडल्याचा आवाज 'धप्प' असा झाला. तो मात्र आम्हां सर्वांना, इअरफोनसकट, ऐकू आला.

प्लास्टर घालून आणल्यावर तिला पुढच्या खोलीत माझ्या पलंगावर झोपवलं आणि मी मागच्या खोलीत तिच्या खाटेवर गेलो. समोरच्या घरात एक काका राहतात. उभी नोकरी भुसावळला रेल्वेत काढलेली. जुन्या काळी स्टेशनात गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर टोले मारीत जायचा; चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. काकांनी ते काम पुष्कळ केलेलं आहे. ते आईची चौकशी करायला आले होते. मी सगळी हकीकत सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही त्यांच्या जागी झोपून पाहिलं का?"

वाचकहो, आठ महिन्यांत आमच्यापैकी एकानेही तिच्या खाटेवर डोकं टेकून पाहिलं नव्हतं. आम्ही खोलीच्या मधोमध उभे राहायचो, कमरेवर हात ठेवून ऐकायचो आणि 'काही नाही' म्हणून निघून जायचो.

त्या रात्री मी तिच्या उशीवर डोकं ठेवलं. खाटेचा माथा कोपऱ्यातल्या खांबाला टेकलेला. दोनच्या सुमाराला मालगाडी गेली. खिडकी खडखडली, थांबली. आणि मग खाटेच्या लाकडातून, अगदी कानाशी : टक् टक् टक्. थांबलं. टक् टक्.

मी उठून बसलो. आवाज बंद. डोकं टेकलं, आवाज चालू. लाकडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने आणि स्वच्छ येतो. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप निघाला. आमच्या आईची खाट हा घराच्या छातीला लावलेला स्टेथोस्कोप होता आणि आम्ही तिला सांगत होतो, की ठोके तुझ्याच डोक्यात आहेत.

सकाळी काका लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. टोक खांबाला, मूठ कानाला. जुने मेकॅनिक इंजिनाला लावतात तसा. खांब खालून वर ऐकत गेले आणि तुळईशी थांबले. मग हातोडीच्या दांड्याने तुळई वाजवली. शेजारची सागवानी तुळई ठण् वाजली. ही बद्द वाजली. सुतारमिस्तरींना बोलावलं. त्यांनी पटाशी टेकवली, जोर असा केलाच नाही, आणि ती शिऱ्यात चमचा जावा तशी आत गेली. मिस्तरी आमच्याच गावचे, म्हणजे भाषेने सीमेवर बसलेले. म्हणाले, "साहेब, आ तो अंदरथी खलास छे. वरून पॉलिश, आत माती."

वाळवी! वरची साल शाबूत ठेवून तुळई आतून खाऊन टाकलेली. काही जातींच्या वाळवीत सैनिक असतात. हादरा बसला, धोका वाटला, की ते लाकडावर डोकी आपटून बाकीच्यांना सावध करतात. मालगाडीचा हादरा आणि मागून येणारी टक् टक् यांचं कोडं हे असं सुटलं. म्हणजे वाळवीच्या वारुळात कोणी डोकं आपटलं की सगळी वाळवी ऐकते. आमच्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आठ महिने डोकं आपटत होती.

त्या तुळईवर माळा, माळ्यावर तांब्याचे दोन हंडे, लग्नातलं पातेलं, गाद्या आणि माझे बँकेतले जुने कागद, ज्यांना मी हात लावू देत नाही. बरोबर खाली आईची उशी.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर भांडण एकतर्फी होईल. दादांनी लावलेल्या सागाच्या तुळयांना वाळवीने तोंड लावलेलं नव्हतं. जुन्या सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही. पोखरलेली तुळई मी बदललेली होती, वीस वर्षांपूर्वी, पैसे वाचावे म्हणून साध्या लाकडाची. त्यावर कौलातून गळणारं पाणी. वर सागवानी रंगाचं पॉलिशही मीच दिलं होतं. तेव्हा भास झालाच असेल तर तो मला झाला होता, आणि वीस वर्षं टिकला होता.

दोन लोखंडी टेकू देऊन माळा रिकामा केला, तुळई उतरवली, कौलं सारखी केली, खांबांच्या बुडाशी वाळवीचं औषध मारलं. आईला प्लास्टरसकट आणून तुळईचा तुकडा दाखवला. मिस्तरींनी त्यावर टिचकी मारली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाच तो."

आता मूळ मुद्द्यावर येतो. ही केवळ आमच्या घरची गोष्ट असती तर मी ती घरातच ठेवली असती. पण १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीच्या लोकांनीही जमिनीतून येणारे आवाज ऐकले होते, धक्के सोसले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. भूकंप अमुक दिवशी होणार हे जगात कोणालाही सांगता येत नाही; तेव्हा 'आवाज ऐकला असता तर भूकंप टळला असता' असं मी म्हणणार नाही, ती लबाडी होईल. पण माणसं मुख्यतः मेली ती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि जड माळवदं अंगावर येऊन. आवाज ऐकून भूकंप थांबवता येत नसला, तरी आपल्या भिंतींकडे बघता येतं. तेवढं बघणं हीच तर माझी मागणी आहे. नोव्हेंबर २०१८ पासून पालघरकडे डहाणू-तलासरीत धक्के आणि दणके सुरू झाले, तेव्हा तिथे भूकंपमापक यंत्रं बसवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीचे लोक जमिनीतून येणाऱ्या आवाजांनी घराबाहेर आले, तेव्हाही तपासायला शास्त्रज्ञ गेले. म्हणजे देशात हळूहळू 'भास' म्हणणं कमी होत आहे. घरात मात्र वाढत आहे.

कोणी म्हणेल, घरातला प्रत्येक आवाज शोधत बसलं तर आयुष्य जाईल. जाणार नाही. चार आवाजांना मिळून मला पाच रविवार लागले. शंभरातले बरेचसे आवाज निरुपद्रवी निघतील हे मलाही मान्य आहे, पण ते निरुपद्रवी आहेत हे शोधल्यावर कळतं, शोधण्याआधी नव्हे. आणि शोधायची रीत काही अवघड नाही. आवाजाला त्याचं खरं नाव द्यावं. तो केव्हा येतो आणि कशाच्या मागून येतो हे लिहून ठेवावं. एका वेळी एकच वस्तू बंद करून पाहावी. सापडलेल्या आवाजावर खूश होऊन जो शोधायचा तो विसरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ज्याला तो ऐकू येतो त्याच्या उशीवर आपलं डोकं ठेवून पाहावं. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि बायका यांना घरातले आवाज आधी ऐकू येतात, त्यात काही दैवी नाही. ती घरात असतात. आपण घरात फक्त राहतो.

आईचं प्लास्टर निघालं. मूठ अजून पुरती वळत नाही; पोळ्या लाटता येत नाहीत याचं तिला दुःख आहे, आणि मला ते रोज जेवताना आठवतं. गोळी बंद झाली. ती मागच्या खोलीत, त्याच खाटेवर, त्याच उशीवर परत गेली आहे. पुढच्या खोलीत ट्रकचा आवाज फार, असं तिचं म्हणणं.

डब्यात आतापर्यंत एकशे पंच्याण्णव रुपये जमले आहेत. त्यांतले एकशे दहा माझे. सवय लवकर जात नाही. आईचे मात्र पाचच आहेत आणि ते तिने काल टाकले. मी जेवून पाटावरून उठताना माझा गुडघा कट्ट करून वाजला. मी कळवळून म्हणालो, "ऐकलंस? महिनाभर वाजतोय."

आईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. कमरेचा बटवा डाव्या हाताने सोडला, पाच रुपयांचं नाणं काढलं, ते डब्यात टाकलं, आणि म्हणाली, "भास होतोय तुला."